जर-तरचं कोष्टक: पहिलंच खोटं असेल तर अख्खं विधान खरं कसं काय?

कोरी_पाटी:
नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचून जाते पण आज अडलंय. लेकीने यंदा तर्कशास्त्र घेतलंय, संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर बसते आणि मग दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतो अशी परिस्थिती आहे. "आणि", "किंवा", "नाही" यांची सत्यता-कोष्टकं सुरळीत पार पडली. गाडं रुतलं ते "जर पी तर क्यू" ला (पी आणि क्यू म्हणजे कोणतीही दोन विधानं). वहीत असं आहे:

पी खरं, क्यू खरं : खरं
पी खरं, क्यू खोटं : खोटं
पी खोटं, क्यू खरं : खरं
पी खोटं, क्यू खोटं : खरं

पहिली ओळ कळली, दुसरी कळली. तिसरी आणि चौथी काही केल्या झेपत नाहीये. म्हणजे "७ ही सम संख्या असेल तर बर्फ थंड असतो" हे खरं, आणि "७ ही सम संख्या असेल तर चंद्र चौकोनी आहे" हे पण खरं?? कुठल्या तोंडाने खरं म्हणायचं? मी तिला म्हटलं पाठ करून टाक, चारच तर ओळी आहेत, त्यावर ती म्हणाली पाठच करायचं होतं तर हा विषय कशाला घेतला. आता यावर काय बोलणार. कोणीतरी मला आधी समजवा, मग मी तिचं बघते.

रिकामटेकडा:
सोप्पंय. वचन समजा. मी तुम्हाला म्हटलं "पाऊस आला तर मी तुम्हाला गाडीने सोडेन". आता मी खोटारडा कधी ठरतो? पाऊस आला आणि मी सोडलं नाही, तेव्हाच. पाऊस आलाच नाही तर मी सोडलं काय नि नाही सोडलं काय, तुम्ही मला बोल लावू शकत नाही. चारपैकी एकाच ओळीत शब्द मोडतो म्हणून एकाच ओळीत खोटं. धागा बंद करायला हरकत नाही.

शंकासुर:
इतक्यात कुठे बंद करताय. हे वचनाचं उदाहरण जो तो देतो आणि त्यात एक चलाखी आहे. शब्द मोडला नाही म्हणजे शब्द पाळला असं होतं का? पाऊस आलाच नाही तर तुमच्या शब्दाची परीक्षाच झाली नाही. परीक्षेला न बसलेल्या मुलाला तुम्ही पास म्हणून जाहीर करताय, का, तर तो नापास झालेला नाही! मी म्हणतो तिथे "लागू नाही" लिहा, रेघ मारा, रिकामं सोडा, पण "खरं" कशाला? हे मला पटलं तर नाव बदलीन.

कोरी_पाटी:
शंकासुर, अगदी हेच! लेकीने शिकवणाऱ्या बाईंना हेच विचारलं होतं, इथे रेघ मारली तर चालेल का म्हणून. बाई म्हणाल्या रेघेला मार्क नाहीत.

गणितवेडी:
शंकासुर यांचा आक्षेप रास्त आहे. वचनाच्या उदाहरणाने शेवटच्या दोन ओळी चालवून घेता येतात एवढंच, त्या तशाच का हव्यात ते कळत नाही. वचन बाजूला ठेवा, आकडे घ्या.

"एखादी संख्या ४ ने भागली जात असेल तर ती २ ने भागली जाते." या विधानाबद्दल कोणाची तक्रार? नसावी. कोणतीही पूर्ण संख्या घ्या, खरंच आहे. बरं, "कोणतीही" म्हणालात ना, मग आता मी संख्या उचलते आणि तुम्ही ओळ शोधा. १२ घेतली. ४ ने जाते, २ ने जाते, पहिली ओळ. ६ घेतली. ४ ने जात नाही, २ ने जाते, ही बघा तुमची तिसरी ओळ. ५ घेतली. ४ नेही नाही, २ नेही नाही, चौथी ओळ. आणि ४ ने जाते पण २ ने जात नाही अशी संख्या हुडका, जन्मभर हुडका, मिळणार नाही, कारण ती दुसरी ओळ आहे आणि विधान खरं असल्यामुळे ती रिकामीच राहणार.

म्हणजे एका निःसंशय खऱ्या विधानाने तिन्ही ओळी वापरल्या. आता तिसऱ्या ओळीत "खोटं" लिहा, की लगेच ६ आकडा उठून म्हणेल, माझ्यापाशी हे विधान खोटं आहे, सबब "प्रत्येक संख्येसाठी खरं" हे गेलं. रेघ मारा, की म्हणावं लागेल १२ साठी खरं, ६ साठी रेघ, ५ साठी रेघ. गणितातली बहुतेक प्रमेयं जर-तरचीच असतात, त्या सगळ्यांना रेघांच्या झिरमिळ्या लागतील. तिथे "खरं" लिहिलंय ते कोणाची पाठ थोपटायला नाही, ६ आणि ५ ने विधानाला धक्का लावला नाही एवढंच त्यातून सांगायचंय.

अजून एक बाजू आहे. पहिल्या दोन ओळींवर सगळ्यांचं एकमत आहे ना, मग उरलेल्या दोन घरांत खरं-खोटं भरायचे चारच प्रकार होतात. दोन्हीत खोटं भरलं तर ते "पी आणि क्यू" चं कोष्टक झालं. तिसरीत खोटं आणि चौथीत खरं भरलं तर ते "पी तरच आणि तेव्हाच क्यू" झालं, दुतर्फी. तिसरीत खरं, चौथीत खोटं भरलं तर नीट बघा, ते हुबेहूब क्यू चंच कोष्टक येतं, म्हणजे पी बिचारा असून नसल्यासारखा. उरला एकच प्रकार. जर-तर ला आपलं स्वतःचं कोष्टक हवं असेल तर हेच घ्यावं लागतं, दुसरी घरं आधीच भाड्याने गेलीत.

शंकासुर:
भाड्याची घरं आवडली. ६ चा मुद्दा पण मानला, तिथे मला उत्तर नाही. पण ४ ने जाणं आणि २ ने जाणं यांचा आपापसात संबंध आहे हो. ७ सम असणं आणि बर्फ थंड असणं यांचा काडीचा संबंध नाही. संबंध नसताना "तर" लावायचं आणि वर खरं म्हणायचं, हे घशाखाली उतरत नाही.

कोडगा:
मी आपला पोटापाण्यासाठी कोड लिहिणारा माणूस, तत्त्वज्ञान जमत नाही, पण या तिसऱ्या ओळीने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय ते सांगतो.

नोकरीतलं पहिलं वर्ष. एका मोठ्या फॉर्मचं व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेली माहिती नियमात बसते का ते तपासणारा कोड, माझ्याकडे आलं. नियम साधा: अर्जदार विवाहित असेल तर जोडीदाराचं नाव भरलेलं पाहिजे. मी झोपेत असल्यासारखं लिहिलं, विवाहित आणि नाव भरलेलं, दोन्ही खरं असेल तर फॉर्म पास. स्वतःच टेस्ट केलं, विवाहित टाकलं नाव टाकलं पास झालं, विवाहित टाकलं नाव नाही टाकलं नापास झालं, वा वा म्हणून रात्री चढवलं आणि घरी गेलो. सकाळी बघतो तर जगातले समस्त अविवाहित लोक नापास! म्हणजे मी पहिल्या दोन ओळी तपासल्या आणि खालच्या दोन ओळीत गणितवेडी म्हणतात तसं "आणि" चं कोष्टक भाड्याने दिलं. नियम अविवाहितांबद्दल चकार शब्द काढत नव्हता, मी त्यांना नियम मोडल्याची शिक्षा दिली. साहेबांनी काय भाषा वापरली ते इथे लिहिता येणार नाही.

दुरुस्ती एका ओळीची: विवाहित नाही, किंवा नाव भरलेलं आहे. "पी नाही किंवा क्यू". कोष्टक काढून बघा, जर-तर शी चारही ओळीत जुळतं.

खरी गंमत पुढे आहे. दोन दिवसांनी टेस्टरने बग (चूक) नोंदवला की एका अविवाहित माणसाने जोडीदाराचं नाव भरलंय आणि फॉर्म पास होतोय. ही तुमची तिसरी ओळ! मी म्हटलं नियमात बसतंय. तो म्हणाला पण हे बरोबर दिसत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. लेखी नियम फक्त "विवाहित तर नाव" एवढाच होता, त्याला हवा होता उलटा नियम पण, "नाव भरलं असेल तर विवाहित हवा". तो वेगळा नियम आहे, वेगळा लिहावा लागतो, आणि दोन्ही मिळून मग ते दुतर्फी होतं. मला वाटतं बऱ्याच लोकांना तिसरी ओळ खटकते ती यामुळेच, डोक्यात नकळत दुतर्फी नियम बसलेला असतो आणि कागदावर एकतर्फी लिहिलेला असतो.

अवांतर: एक्सेलमध्ये नाहीतर पायथनमध्ये पी <= क्यू असं लिहिलं तरी जर-तर चं कोष्टक मिळतं, कारण तिथे फॉल्स हे ट्रू पेक्षा लहान धरतात. लहानाकडून मोठ्याकडे गेलेलं चालतं, बरोबरीत चालतं, ट्रू वरून फॉल्सवर घसरलं की खोटं. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये तर यासाठी इम्प नावाचा ऑपरेटरच होता, डॉट नेट आलं तेव्हा काढून टाकला. आणि यादीतलं सगळं खरं आहे का ते सांगणाऱ्या पायथनच्या ऑल फंक्शनला रिकामी यादी दिली तर ते ट्रू म्हणतं, तीही याच घराण्यातली भानगड.

आणि हो, प्रोग्रामिंगमधला इफ म्हणजे हा जर-तर नव्हे. तो इफ खरा-खोटा नसतोच, ती आज्ञा आहे, अट खरी असेल तर हे काम कर. कोडिंग करणारी मुलं इथेच घसरतात, त्यांना वाटतं पी खोटं असेल तर "काहीच होत नाही".

अर्धवट:
एवढं सगळं कशाला, आपल्यात म्हण आहेच की, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. पी खोटं, म्हणजे विधान खरं. धागा परत बंद.

गणितवेडी:
अर्धवटराव, त्या न्यायाने "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला विमान म्हटलं असतं" हेही खरं!

जुना_मास्तर:
धागा उशिरा पाहिला. बरीच वर्षं हा विषय शिकवला आहे, दरवर्षी कोणीतरी शंकासुर बसलेला असायचाच, आणि खरं सांगायचं तर वर्गात तोच एक जागा असायचा.

प्रथम हे सांगतो की तुमचं हे भांडण सव्वादोन हजार वर्षांपेक्षा जुनं आहे. ग्रीसमध्ये मेगारा नावाच्या गावचा फिलो म्हणून एक तर्कज्ञ होता. त्याने नियम सांगितला की जर-तर विधान खऱ्यापासून निघून खोट्यावर पोहोचत असेल तरच खोटं, बाकी तीन वाटांनी खरं. म्हणजे हेच कोष्टक, फक्त रकाने न आखलेलं. उदाहरणंही झकास आहेत: "पृथ्वी उडत असेल तर पृथ्वी अस्तित्वात आहे", ही तिसरी ओळ, आणि "पृथ्वी उडत असेल तर पृथ्वीला पंख आहेत", ही चौथी. त्याचा गुरू डायोडोरस मात्र शंकासुरांच्या पक्षाचा. फिलोच्या मताप्रमाणे दिवस असताना आणि मी बोलत असताना "दिवस असेल तर मी बोलतो आहे" हे खरं. डायोडोरस म्हणे, मी जरा गप्प बसलो की दिवस तसाच राहील आणि हे खोटं पडेल, मग ते आत्ता तरी खरं कसं? त्याच्या मते जे कधीही खऱ्यावरून खोट्यावर घसरू शकत नाही तेच खरं जर-तर. वाद इतका गाजला की कॅलिमॅकस नावाच्या कवीने लिहून ठेवलं, आता छपरावरचे कावळेसुद्धा कोणतं जर-तर खरं यावर काव काव करतात. पुढे १८७९ मध्ये फ्रेगे या जर्मन तर्कज्ञाने फिलोचीच बाजू उचलली, आणि आज आपण आखतो तशी कोष्टकं विटगेनस्टाइन आणि एमिल पोस्ट या दोन तर्कज्ञांनी १९२१ मध्ये, वेगवेगळी, छापली.

आता मराठीबद्दल. आपण "तर" हा एक शब्द धरून बसलो आहोत, पण या "तर" चं कुटुंब मोठं आहे आणि मुलांचे निम्मे गुण तिथेच जातात. "पाऊस आला तर मी घरी थांबेन" म्हणजे पावसाकडून घराकडे बाण. त्यात नुसता एक च घाला, "पाऊस आला तरच मी घरी थांबेन", की बाण फिरतो. आता मी घरी दिसलो तर पाऊस आला असणार हे नक्की, पण पाऊस आला म्हणून मी घरी असेनच असं नाही. "पाऊस आला तरी मी येईन" यात बाण जवळजवळ विरघळतोच, पाऊस असो नसो, येणं पक्कं. आणि "गप्प बस, नाहीतर बाहेर जा" हे उघडून बघा, गप्प बसला नाहीस तर बाहेर जा, म्हणजेच गप्प बस किंवा बाहेर जा. कोडगा यांनी फॉर्ममध्ये जे केलं ते "नाहीतर" हा शब्द रोज करतो.

अर्धवट यांच्या मिशांकडे येतो. "मिशा आल्या तर" आणि "मिशा असत्या तर" या दोन वेगळ्या जाती आहेत. "असत्या तर" म्हटलं की बोलणाऱ्याने आधीच कबूल केलं की मिशा नाहीत. या जातीला हे कोष्टक लावायचंच नाही, लावलं तर सगळीच "असता तर" विधानं खरी ठरतील आणि गणितवेडी म्हणतात तसं आत्याबाईचं विमान होईल. ही जात अगदी आपल्याकडचीही जुनी आहे, न्यायशास्त्रात "तर्क" म्हणतात तो याच घाटाचा, इथे अग्नी नसता तर धूरही नसता. त्यासाठी वेगळं शास्त्र लागतं, स्टॉलनेकरने १९६८ आणि डेव्हिड लुईसने १९७३ मध्ये ते मांडलं, ती वाट आत्ता नको. मराठी व्याकरण मात्र कौतुकास्पद, क्रियापदावरूनच सांगून टाकतं की इथे कोष्टक चालणार नाही.

शंकासुरांनी एक गोष्ट बोलता बोलता करून टाकली आहे ती त्यांच्या लक्षात आली नाही. ते म्हणाले, "हे मला पटलं तर नाव बदलीन". या वाक्याचा अर्थ मराठी माणसाला लगेच कळतो: मला हे पटणार नाही. कसा कळतो? नाव बदलणं हे होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणजे क्यू खोटं. तरीही ते पूर्ण जर-तर विधान ठासून खरं म्हणून सांगतात. क्यू खोटं आणि विधान खरं, म्हणजे कोष्टकात एकच ओळ उरते, चौथी. पी खोटं. चौथ्या ओळीत "खरं" नसतं तर हे वाक्य बोलताच आलं नसतं. आणि यात पटण्याचा आणि नाव बदलण्याचा संबंध काय? काडीचाही नाही.

रिकामटेकडा:
मास्तर, दंडवत. शंकासुरांचा स्वतःच्याच शस्त्राने वध.

शंकासुर:
हे मात्र लागलं. चौथी ओळ दिली, घेऊन जा. पण तुमच्या "असता तर" मध्ये एक कबुली दडलीये, की कोष्टक सगळ्या जर-तर ला पुरत नाही.

जुना_मास्तर:
मुळीच दडलेली नाही, उघड कबुली आहे. कोष्टक म्हणजे "जर-तर" चा सांगाडा. मांस, रक्त, कारण, संबंध, सगळं काढून टाकल्यावर जे हाड उरतं ते एवढंच: पी खरं आणि क्यू खोटं असं एकत्र होऊ देणार नाही.

कोरी_पाटी:
दोन दिवस येता आलं नाही, सगळ्यांचे आभार. लेकीला ४ आणि २ वालं दाखवलं, तिने स्वतःच ६ घेतला, मग ५ घेतला, मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली "म्हणजे खरं चा अर्थ इथे वाचला असा आहे". नाव बदलीन वर तर खूष झाली. काल मी विचारलं खोली आवरणार का, तर म्हणे आज आवरली तर नाव बदलीन. चौथी ओळ!

आता पुढचं. नकार. "पाऊस आला तर मी थांबेन" याचा नकार लिही असं होतं. तिने लिहिलं "पाऊस आला तर मी थांबणार नाही". मला पण तेच बरोबर वाटलं होतं, पण उत्तर चूक दिलंय.

गणितवेडी:
ही सगळ्यात कॉमन चूक आहे, तिला वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. कोष्टकाने तपासायचं. जर-तर चा स्तंभ वरून खाली: खरं, खोटं, खरं, खरं. नकार म्हणजे हे सगळं उलटं: खोटं, खरं, खोटं, खोटं. आता तिने लिहिलेलं "पी तर क्यू नाही" याचा स्तंभ काढा: खोटं, खरं, खरं, खरं. जुळतोय का? खालच्या दोन ओळी बिनसल्या. पाऊस आलाच नाही तर मूळ विधानही खरं आणि तिचं विधानही खरं, आणि एखादी गोष्ट आणि तिचा नकार एकाच वेळी खरे कसे असतील?

उलटा केलेला स्तंभ बघा, एकाच ओळीत खरं आहे, दुसऱ्या. म्हणजे नकार असा: पाऊस आला आणि मी थांबलो नाही. त्यात "जर" पण नाही आणि "तर" पण नाही. कोणाचं जर-तर खोडायचं असेल तर दुसरं जर-तर देऊन भागत नाही, घडलेला प्रसंग समोर ठेवावा लागतो.

शंकासुर:
थांबा थांबा थांबा. हे मी सोडणार नाही. समजा कोणीतरी म्हणालं "उद्या ग्रहण लागलं तर शेअर बाजार कोसळेल". मी म्हणालो, हे साफ खोटं आहे. तुमच्या हिशोबाने मी काय म्हणालो? की उद्या ग्रहण आहे आणि बाजार कोसळणार नाही. म्हणजे एका अंधश्रद्धाळू माणसाला नाही म्हटल्याबरोबर माझ्यावर उद्या ग्रहण आणायची जबाबदारी आली! मी ग्रहणाबद्दल काही म्हणालोच नव्हतो.

कोडगा:
हाहाहा. आणि उद्या ग्रहण नसेल तर तो अंधश्रद्धाळू कोष्टकाप्रमाणे बरोबर.

गणितवेडी:
हे खरंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. कोष्टक इथे आपल्या रोजच्या बोलण्याशी फारकत घेतं.

जुना_मास्तर:
यावरच सी. आय. लुईस हा तर्कज्ञ १९१२ पासून भांडत होता (हा आधीच्या डेव्हिड लुईसपेक्षा वेगळा). त्याचं म्हणणं, "जर-तर" मध्ये "असं होणं शक्यच नाही" एवढा जोर हवा. शंकासुर जेव्हा ग्रहणवाल्याला नाही म्हणतात तेव्हा ते उद्याच्या दिवसाबद्दल बोलतच नाहीत, ते म्हणतात की ग्रहण लागूनही बाजार उभा राहणं सहज शक्य आहे. ते नाकारतात तो जोरकस जर-तर, आणि कोष्टकात बसतो तो बिनजोराचा. लुईसने जोरकसाला वेगळं चिन्ह दिलं आणि त्यातून आधुनिक शक्यता-आवश्यकतेचं तर्कशास्त्र वाढलं. परीक्षेत मात्र कोरी_पाटी, तुमच्या मुलीने गणितवेडी यांचं उत्तर लिहावं.

वाचनमात्र:
पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. धागा वाचताना मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचं कोडं आठवलं, १९६६ चं. मराठीत बसवून देतोय. टेबलावर चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. तुम्हाला दिसतंय: अ, क, ४, ७. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय की नाही हे ठरवायला नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील? कमीत कमी उलटायचे.

रिकामटेकडा:
अ आणि ४. पुढचं कोडं?

अर्धवट:
फक्त अ.

कोडगा:
अ आणि ७. आता परत अविवाहितांना नापास करणार नाही.

वाचनमात्र:
कोडगा बरोबर. रिकामटेकडा, तुम्ही एकटे नाही, सगळ्यात जास्त लोक तेच उत्तर देतात. ४ च्या मागे स्वर निघाला तर पहिली ओळ, व्यंजन निघालं तर तिसरी ओळ, दोन्ही खऱ्याच, मग उलटून काय मिळालं? नियम मोडू शकतो तो फक्त दुसऱ्या ओळीत, स्वर आणि विषम. तो पकडायचा तर स्वर दिसतोय तिथे मागे बघा आणि विषम दिसतोय तिथे मागे बघा. क च्या मागे काहीही असो.

आणि गंमत म्हणजे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हेच कोडं वयाच्या नियमात घालून दिलं, बिअर पिणारा १९ च्या वरचा हवा, पत्ते बिअर, कोक, २२ आणि १६. तिथे जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी बरोबर पत्ते उचलले, बिअर आणि १६. कोक पिणाऱ्याचं वय विचारायला कोणी जात नाही, २२ वर्षांच्या माणसाच्या ग्लासात कोणी डोकावत नाही. अक्षरं-आकडे आले की हीच अक्कल कुठे जाते देव जाणे.

रिकामटेकडा:
म्हणजे मी बारवर उभा असतो तर बरोबर आलं असतं. नोंद घ्या मास्तर, "असतो तर".

कोरी_पाटी:
पत्ते कागदाचे करून घरात सगळ्यांना दिले. लेकीचं बरोबर, माझं बरोबर (मी वाचलं होतं), तिच्या बाबांनी चारही उलटले आणि म्हणाले आता खात्री झाली.

एक शेवटचं. तिने आज "(पी तर क्यू) किंवा (क्यू तर पी)" चं कोष्टक केलं आणि चारही ओळीत खरं आलंय. तिला वाटतंय कुठेतरी चुकलं, तीनदा खोडून काढलं, वहीला भोक पडायचं बाकी आहे.

गणितवेडी:
चुकलेलं नाही. पहिलं जर-तर फक्त दुसऱ्या ओळीत पडतं, उलटं जर-तर फक्त तिसऱ्या ओळीत. दोघं एकाच ओळीत कधी पडतच नाहीत, म्हणून "किंवा" ला प्रत्येक ओळीत कोणीतरी एक उभा मिळतो. सर्वतः सत्य. कोणतीही दोन विधानं घ्या, पहिल्यावरून दुसरं तरी येतं नाहीतर दुसऱ्यावरून पहिलं तरी, बर्फ आणि चंद्र घेतले तरी.

शंकासुर:
बघा! आणि म्हणे संबंध लागत नाही.

कोरी_पाटी:
शंकासुर, लेक विचारतेय की तुमचं नाव अजून तेच दिसतंय, म्हणजे तुम्हाला पटलेलं नाही, हे अनुमान बरोबर का?

जुना_मास्तर:
बरोबर, पूर्ण गुण. तिला पुढचा प्रश्न: उद्या त्यांनी नाव बदललं तर त्यांना पटलं असं म्हणता येईल का?

कोरी_पाटी:
ती म्हणतेय नाही, ती तिसरी ओळ पण असू शकते, उगाच बदललं असेल.

शंकासुर:
हुशार आहे पोरगी. चौथी ओळ पटली, तिसरी ६ आकड्यापुरती पटली, ग्रहणाचं अजिबात पटलेलं नाही. अर्धं नाव बदलून मिळतं का कुठे?